सदतिसावा फोटो

शिरूरच्या शमुवेल भालेरावला दौंड तालुक्यातल्या वाडीनं फोटो काढायला का बोलवावं, हा प्रश्न आदल्या दिवशीच त्याच्या बायकोला पडला होता. दबोरा माहेरची केडगावची. त्या बाजूची वाट न् वाट तिच्या पायाखालची. ती म्हणाली, यवतला दोन फोटोवाले आहेत, चौफुल्याला एक आहे, दारातली माणसं सोडून नदीपलीकडून माणूस कोण आणतं? शमुवेल हसला. कामाची कीर्ती गेली असेल म्हणाला. पण बॅग भरताना सदऱ्यात कुसळ राहून जावं तसं काहीतरी त्याला टोचत राहिलं.

ती दिवाळीनंतरची ग्रामपंचायतीची निवडणूक होती. तेव्हा रोलचे कॅमेरे होते आणि मतं कागदावर शिक्का मारून पडत. सकाळच्या एसटीनं शमुवेल न्हावऱ्यावरून निघाला, पारगावच्या पुलावर भीमेचं संथ, मातकट पाणी पाहिलं आणि चौफुल्याला उतरला. तिथं जीप उभी होती. तिच्याजवळ पांढऱ्या कपड्यातला तिशीचा एक माणूस होता. आपण वाडीचे पुढारी आण्णा यांचा माणूस, ज्ञानू, एवढंच त्यानं सांगितलं. तो मोठ्यानं बोलतच नव्हता. जीपच्या घरघरीतही त्याचा आवाज तेवढाच राहायचा, आणि ऐकणाऱ्यालाच मान वाकवून त्याच्या तोंडाशी कान न्यावा लागायचा.

खुटबाव मागं पडल्यावर ज्ञानूनं विचारलं, "किरिस्ताव ना तुमी?"

शमुवेल हो म्हणाला.

"बरं झालं."

बरं काय झालं, हे शमुवेलनं विचारलं नाही. ज्ञानूनंच थोड्या वेळानं सांगितलं की शेवटी जरा देवाधर्माचं काम आहे, गावातला माणूस असला की त्याचा हात थरथरतो. परका असला की बरं. दोन्ही बाजूंनी ऊस होता, डोक्याच्या वर गेलेला. जीप त्या हिरव्या बोळातून चालली होती आणि मागं वळून पाहिलं तर आलेली वाट दिसत नव्हती.

वाडीत मारुतीच्या देवळापुढं मांडव घातला होता. लग्नात नवरा-नवरीला बसवतात तसला लाल सोफा पुढाऱ्यांसाठी स्टेजवर, खाली सतरंज्या, बाजूला कर्ण्यातून देशभक्तीची गाणी. शमुवेलनं आजवर मेळावे पुष्कळ पाहिले होते. पण शिरूरचा मेळावा पाहणं वेगळं. तिथं गर्दीतली निम्मी तोंडं त्याच्या स्टुडिओतल्या स्टुलावर कधी ना कधी बसून गेलेली. इथं त्याला कोणी ओळखत नव्हतं, आणि ओळखून घ्यावं असंही कोणाला वाटत नव्हतं. गळ्यात कॅमेरा लटकवलेला माणूस म्हणजे जणू मांडवाचाच एक खांब. चहा आला तो त्याला वळसा घालून पुढं गेला.

तालुक्याचे पाहुणे आले. उपरणी पडली, हार पडले, भाषणं झाली. "आण्णा तुम आगे बढो"च्या घोषणा झाल्या. पोरं बेंबीच्या देठापासून ओरडत होती, म्हातारी माणसं नुसते ओठ हलवत होती. शमुवेल फोटो काढत राहिला. डोळा कॅमेऱ्याला लावला की माणसाला खोटं फार जवळून दिसतं. टाळ्या वाजत होत्या, पण टाळ्या वाजवणाऱ्यांची नजर स्टेजकडं नव्हतीच. ती मांडवाच्या कडेला उभ्या असलेल्या ज्ञानूकडं होती. ज्ञानू टाळ्या वाजवत नव्हता. तो कोण वाजवतंय ते बघत होता.

चारच्या सुमाराला पाहुण्यांच्या गाड्या धुरळा उडवत गेल्या. पहिला रोल संपला होता. शमुवेलला वाटलं, झालं आपलं काम, आता एसटी गाठावी. तेवढ्यात कर्णा बंद झाला आणि मांडवाच्या कनाती चारी बाजूंनी सोडल्या गेल्या. बाहेर ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज आला, तो गल्लीच्या तोंडापर्यंत गेला आणि तिथंच वाट अडवून बंद झाला.

कोणी उठलं नाही. कोणी विचारलं नाही. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. एकट्या शमुवेलला ठाऊक नव्हतं.

"रोल बदला," ज्ञानू त्याच्या कानाशी म्हणाला. "बिगीबिगी. चव्वेचाळीस घरं हायेत."

शमुवेलनं स्टेजच्या कोपऱ्यात पाठमोरं होऊन कॅमेरा उघडला. नव्या रोलची डबीबाहेर आलेली जीभ ओढून समोरच्या चाकाच्या खाचेत बसवायची, दात भोकांत बसलेत का बघायचं, झाकण लावायचं, रोल पुढं सरकवणारा खटका ओढायचा आणि डावीकडची खुंटी आपोआप फिरते का ते पाहायचं. खुंटी फिरली की समजायचं, रोल चालला. पंधरा वर्षांत हे त्यानं इतक्यांदा केलं होतं की बोटंच करायची, तो वर बघून गिऱ्हाइकाशी बोलायचा. पण आज ज्ञानू खांद्याशी उभा होता, त्याच्या श्वासाला तंबाखूचा वास होता, आणि बोटं बोटांसारखी वागत नव्हती. त्यानं जीभ खोचली, झाकण लावलं, खटका ओढला. खुंटीकडं बघायचं राहिलं.

आण्णा सोफ्यावरून उठून खाली सतरंजीवर येऊन बसले. साठीचा माणूस, अंगानं बारीक, हसू मायेचं. त्यांनी एकाला म्हशीचं विचारलं, एकाला पोरीच्या सोयरिकीचं. मग समोर तांब्याचं ताम्हण आलं. त्यात भंडाऱ्याची पिवळीधमक रास आणि वर बेलाची पानं. जेजुरीचा डोंगर इथून फार लांब नाही. या मुलखात माणूस कोर्टात खोटं बोलेल, पण बेलभंडारा उचलून खोटं बोलणार नाही. उचलला की शब्द दिला. शब्द मोडला तर वंशाचा दिवा विझतो म्हणतात.

आण्णा म्हणाले, "बेलभंडारा तर आपल्या आज्या-पंज्यापास्नं हाय. पर खंडोबाला समद्यांकडं बघाया सवड कुठं? म्हणून यंदा फोटो."

सगळे हसले. ते हसू शमुवेलला अंगावर पाल पडावी तसं वाटलं.

आता त्याला कळलं, नदीपलीकडून माणूस का आणला ते. इकडचा फोटोवाला असता, तर रात्री कोणीतरी त्याच्या दारात जाऊन म्हटलं असतं, बाबा, माझा एवढा एक फाड. परक्याच्या दारात कोण जाणार?

"फोटोग्राफर," आण्णांनी त्याच्याकडं पहिल्यांदाच पाहिलं, "त्वांड आन् हात, दोन्ही आलं पाह्यजे."

एकेका घराचा कारभारी उठू लागला. पुढं यायचा, गुडघा टेकायचा, मूठभर भंडारा उचलून म्हणायचा की आमच्या घरातली समदी मतं आण्णांनी उभ्या केलेल्या माणसाला. शमुवेलच्या फ्लॅशचा लखलखाट व्हायचा. वीज पडल्यागत माणूस दचकायचा, आणि पिवळा हात धोतराला पुसत मागं जाऊन बसायचा. ज्ञानू वहीत नावापुढं खूण करायचा. दहा झाले, वीस झाले. मांडवात हळदीचा जडसर वास दाटला. शमुवेलच्या बगला घामानं भिजल्या होत्या. फोटो नव्हे, माणसांचे अंगठे कापून घेतोय असं त्याला वाटत होतं. पण हात थांबत नव्हता.

कॅमेऱ्यावरचा आकडा छत्तीसवर आला. आता रोल संपणार, खटका अडणार. खटका अडला की दुसरा रोल भरायचा. त्यानं खटका ओढला.

तो अडला नाही.

लोण्यातून सुरी जावी तसा गेला. सदतीस. शमुवेलनं डावीकडच्या खुंटीकडं पाहिलं. खुंटी जागच्या जागी होती. पुन्हा खटका ओढला. खुंटी हलली नाही.  रोलची जीभ खाचेतून निसटली होती. आत चाक एकटंच फिरत होतं. सकाळपासून नाही, बेलभंडाऱ्याच्या पहिल्या माणसापासून. छत्तीस माणसांनी शब्द दिला होता, छत्तीसदा लखलखलं होतं, आणि आत रोल आपल्या डबीत गपगार झोपलेला होता.

सांगावं? सांगितलं तर काय होईल ते त्याला समोर दिसलं. पहिल्यापासून सगळ्यांना पुन्हा उठवतील. आणि त्याला विचारतील, मुद्दाम केलंस का, कुणाचं खाल्लंस? कनाती सोडलेल्या होत्या. गल्लीच्या तोंडाशी ट्रॅक्टर होता. बाहेर ऊस होता, मैलोन्मैल. त्यानं सदतिसाव्या माणसाच्या तोंडावर फ्लॅश मारला. कोणाच्या दयेनं नव्हे. नुसत्या भीतीनं.

"म्हाळूची सोजर," ज्ञानूनं वहीतून वाचलं.

बायांच्या बाजूनं खांबाशी बसलेली एक म्हातारी उठली. हिरवं लुगडं, कपाळ मोकळं, अंगानं वाळल्या शेंगेसारखी. ती पुढं आली पण गुडघा टेकला नाही.

"सोजरबाई," आण्णा मायेनं म्हणाले, "तुझी सून माया आमच्या माणसापुढं उभी हाय, म्हणून तुला मुद्दाम बोलावलं. तिला पाडायची सुरुवात तिच्याच घरातनं व्हाया पाह्यजे."

"आण्णा, आमी ह्ये मानीत न्हाई," ती म्हणाली. आवाज कापत होता, पण शब्द सरळ होते. "मालकांनी दीक्षा घेतली तवापास्नं घरात बेल न्हाई का भंडारा न्हाई."

"तू कशाला मानतीस? मी मानतो. हात तुझा, देव माझा." आण्णांनी ताम्हण तिच्याकडं सरकवलं. "आन् तुझ्या घराकडं जाती ती रानातली वाटबी माझीच हाय, व्हय ना?"

 सोजरबाईनं एकदा मागं पाहिलं. तिच्या वस्तीतली दोन माणसं खाली मान घालून बसली होती. मग ती खाली बसली. तिचा हात ताम्हणात गेला आणि पिवळा होऊन वर आला. सुनेच्या विरोधात मत देईन, असं तिच्याकडून म्हणवून घेतलं. शमुवेलनं बटण दाबलं. लखकन् झालं आणि तिनं डोळे मिटले. तो फोटो कुठंच उमटला नाही हे साऱ्या मांडवात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि तो माणूस ओठ शिवून उभा होता.

चव्वेचाळीस झाल्यावर ज्ञानूनं हात पुढं केला. दोन्ही रोल इथंच द्यायचे, धुण्याचं आम्ही बघतो. शमुवेल रोल उलटा गुंडाळू लागला. दोन वेढ्यांत जीभ डबीत गेली, खुंटी सैल पडली. पण छत्तीस फोटोंचा रोल गुंडाळायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ तो रिकामी खुंटी फिरवत राहिला. मनात बाराखडी म्हणत राहिला. ज्ञानू बघत होता, पण एका रोलमध्ये चव्वेचाळीस फोटो बसत नाहीत हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

तीन दिवस काही झालं नाही. त्या तीन दिवसांत शमुवेलला अन्न गोड लागलं नाही. स्टुडिओपुढं गाडी थांबली की त्याचे खांदे वर जायचे. दबोराला त्यानं सगळं सांगितलं. ती रागावली नाही, फक्त संध्याकाळची प्रार्थना थोडी लांबली.

चौथ्या दिवशी ज्ञानू आला. पावडर लावून बसलेलं एक गिऱ्हाईक होतं, त्याला त्यानं हळूच बाहेर जायला सांगितलं. मग काउंटरवर एक पट्टी ठेवली. धुतलेली फिल्म. नारिंगी, नितळ, कडेला बारीक आकडे आणि बाकी काही नाही.

"पहिला रोल झ्याक आला," ज्ञानू म्हणाला. "दुसरा असा."

शमुवेलनं खरं ते सांगितलं. जीभ निसटली, घाई होती, चूक झाली. सांगताना आपलाच आवाज त्याला चोराचा वाटला. ज्ञानू ऐकत राहिला, आणि मग जे म्हणाला त्याची शमुवेलनं कल्पनाही केली नव्हती. मारणं नाही, शिवी नाही. आण्णांचा निरोप एवढाच होता की फोटो आलेत. सगळे चव्वेचाळीस. कोणी विचारलं तर हेच सांगायचं. ज्यानं बेलभंडारा उचलला त्याला फोटो आहे असं वाटलं की झालं. फोटो कुणी बघायची गरज नाही.

"आयतवारी मतदान. तवर तुमचं त्वांड तेवढं संबाळा." पट्टी खिशात घालून तो दारात थांबला. "दबोराबाई शनवारी माहेरी जात्यात ना केडगावला? संध्याकाळची एसटी लई रिकामी आस्ती हो."

तो गेला. दबोरा आतल्या दाराआड उभी होती. तिनं ऐकलं होतं. तिनं पाट्यावर वरवंटा ठेवला आणि तो पुन्हा उचललाच नाही.

बुधवारी भर दुपारी सोजरबाई आली.

शमुवेलनं तिला पहिल्या नजरेत ओळखलं आणि त्याच नजरेत दारातून रस्त्यावर पाहिलं, मागं कोणी आहे का म्हणून. कोणी नव्हतं. ती दोन एसट्या बदलून, विचारत विचारत आली होती. सुनेला सांगितलं होतं की दवाखान्यात जाते. ती स्टुलावर बसली. मागं रंगवलेलं तळं, हंस आणि निळा डोंगर. त्याच्यापुढं ती धुळीनं भरलेली, पायाला भेगा पडलेली.

"फोटूवालं दादा, माजा फोटू द्या," ती म्हणाली. "न्हाईतर माज्यादेखत जाळा."

"फोटो आण्णांकडं आहेत, मावशी," शमुवेल म्हणाला. आणि शिकवलेलं वाक्य तोंडातून आलंच, "झ्याक आलेत."

ती रडली नाही. ती हाताकडं बघत बसली. मग हळूहळू तिनं सांगितलं. ज्ञानू रोज वाटेत गाठतो. आण्णांच्या माणसाला मतं पडली नाहीत तर सोजरबाईचा फोटो विहाराच्या दारावर लागेल, आणि त्याच्याखाली तिनं काय शब्द दिला तेही लिहिलेलं असेल. वस्तीतल्या बाकीच्या दोघांनाही तसंच सांगितलंय. वस्ती सगळी मुकी झालीय. मायाबरोबर घरोघर फिरायला कोणी येत नाही. ती एकटी फिरते, आणि रात्री सासूच्या ताटात पहिली भाकरी वाढते.

"तिनं वाढली की माज्या घशाखाली उतरत न्हाई," सोजरबाई म्हणाली. "साबनानं धुतलं, राखंनं घासलं. हाताचा वास जात न्हाई, दादा. मालक असतं तर म्या त्यास्नी त्वांड दावलं नसतं."

शमुवेलनं आतल्या दाराकडं पाहिलं. दबोरा उभी होती. तिच्या डोळ्यांत भीती होती. तीच, जी चार दिवस त्याला सोडत नव्हती. तिनं मान हलवली नाही, होकाराची नाही की नकाराची नाही. फक्त पुढं आली, रस्त्याकडचं दार लोटून घेतलं आणि म्हातारीच्या हातात पाण्याचा तांब्या दिला.

ते लोटलेलं दार पाहून शमुवेलचं बोलणं सुटलं.

"मावशी, तुमचा फोटो निघालाच नाही. कुणाचाच निघाला नाही."

सोजरबाईनं पाणी पिऊन तोंड पुसलं. "असंच म्हनत्यात समदी. म्हातारीला वाटंला लावाया."

मग त्यानं कॅमेरा आणला. शिकाऊ पोरांना दाखवायला ठेवलेला एक मेलेला रोल काढला. पाठ उघडी ठेवून जीभ मुद्दाम अर्धवट खोचली आणि तिला जवळ बोलावलं. खटका ओढला. जीभ निसटली. चाक फिरलं, एकटंच. पुन्हा ओढला. पुन्हा फिरलं. वर आकडा पुढं सरकला. फ्लॅश लखलखला, रोल जागचा हलला नाही. दोनतीनदा तसंच करून तो थांबला. 

म्हातारी वाकून बघत राहिली. तिनं स्वतःच्या बोटानं तो खटका ओढून पाहिला.

"म्हंजी रहाट फिरला," ती म्हणाली, "पर पोहऱ्याला दोरच न्हवता."

"तसंच."

"आन् आण्णाला ठाव हाय?"

"हाय."

 मग तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते हसू होतं की दुसरं काही, शमुवेलला सांगता आलं नसतं. ती म्हणाली, हिरीत पाणी न्हाई न् वाडी बुडायला लागली. उठली, पदर खोचला. शमुवेल तिच्या मागं दारापर्यंत गेला आणि त्यानं हात जोडले. आपलं नाव येऊ देऊ नका, एवढं तो म्हणाला. ते म्हणताना त्याला स्वतःची लाज वाटली. पण लाजेपेक्षा भीती मोठी होती, आणि मोठ्याचाच मान राहिला.

"नाव कशाला?" सोजरबाई म्हणाली. "आमी बाया कुनाचं नाव घेऊन बोलतो व्हय."

गुरुवार गेला. दबोरानं माहेराला निरोप धाडला की या शनिवारी येणं जमत नाही. शुक्रवारी शमुवेलला पारगावला बारशाचे फोटो काढायला जायचं होतं. सुपारी महिन्यापूर्वीची होती, टाळता येण्यासारखी नव्हती. तो एसटीत खिडकीशी बसला, बॅग मांडीवर.

न्हावऱ्याच्या पुढं उसाच्या बैलगाड्यांची रांग लागली होती. एसटी खोळंबली. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं तेव्हा शेजारच्या रानातला आवाज ऐकू आला. कांद्याची खुरपणी चालली होती. पंधरावीस बाया ओळीनं बसून सरकत होत्या, आणि एक सांगत होती, बाकीच्या झेलत होत्या.

*इज चमाकली बाई, न्हाई पडला पाऊस*
*भिऊन भिऊन जीवा, नको घरात राहूस*

*कोऱ्या फितीवर न्हाई, कुनाची गं पडली छाया*
*सांगते शेजीबाई, माझ्या सुनंचं नाव माया*

शमुवेलनं खिडकीबाहेर मान काढली. ही वाडी नव्हे. ही तर नदीच्या अलीकडची शीव. त्या बायांनी मायाला पाहिलंही नसेल. दोन दिवसांत ती ओवी भीमा ओलांडून आली होती, खुरप्याखुरप्यावरून, बांधाबांधावरून, जशी ठिणगी वाळल्या पाचटातून सरकत जाते. त्याचं नाव तिच्यात नव्हतं. सोजरबाईनं शब्द पाळला होता. पण फीत म्हटली की फोटो आला, आणि फोटो म्हटला की माणूस आला.

शेजारचा म्हातारा पान जुळवत म्हणाला, कालपास्नं ह्येच चाललंय. आमच्या मळ्यातबी गात होत्या. कुठल्याशा पुढाऱ्यानं लोकांना फोटूचा धाक घातला म्हनं, आन् फोटू हायेतच कुठं.

पुढच्या सीटवरचा जवान माणूस मागं वळला. गळ्यात उपरणं होतं, आण्णांच्याच पक्षाचं. त्यानं म्हाताऱ्याकडं नाही पाहिलं. त्यानं शमुवेलच्या मांडीवरच्या बॅगेकडं पाहिलं, पट्ट्यावरून बाहेर आलेल्या फ्लॅशच्या वायरकडं पाहिलं.

"फोटोग्राफर काय तुमी?"

शमुवेलला कितीतरी उत्तरं सुचली. जनावरांची औषधं आहेत. पाव्हण्याची बॅग आहे. 

"हो," तो म्हणाला. "शिरूरचा."

दोघातिघांनी माना वळवल्या. कंडक्टर तिकिटांची पेटी मिटून उभा राहिला. बाहेर बाया पुढच्या वाफ्यात सरकल्या होत्या, आवाज थोडा लांब गेला होता.

"मग तुमालाच ठाव आसंल," तो जवान म्हणाला. त्याचा आवाज धमकीचा होता की नुसता विचारण्याचा, ते कळत नव्हतं. त्याच्या उजव्या हाताची नखं मुळाशी पिवळी होती. "खरं सांगा. फोटू हायेत का न्हाईत?"

झ्याक आलेत. हे दोन शब्द तोंडाशीच होते, घोटलेले, ज्ञानूच्या आवाजातले. ते म्हटले की पारगाव येईल, बारसं होईल, संध्याकाळी घरी जाता येईल. शमुवेलनं त्या पिवळ्या नखांकडं पाहिलं. हा माणूसही त्या दिवशी सतरंजीवर गुडघा टेकून गेला असणार. कितवा, ते आठवेना. आणि मग त्याला दिसलं की उपरण्याखाली त्या माणसाचा कंठमणी वरखाली होतोय, अगदी आपल्यासारखा.

"न्हाईत," शमुवेल म्हणाला. "रोल चाललाच नाही. एकही नाही."

 तो जवान समोर तोंड करून बसला. पान जुळवणारा म्हातारा शमुवेलपासून वीतभर दूर सरकला.

बैलगाड्या हलल्या. कंडक्टरनं दोनदा घंटी मारली. एसटी धडधडत पारगावच्या दिशेला लागली, आणि शमुवेल दोन्ही हातांनी बॅग पोटाशी धरून, पुढच्या सीटवरची ती न हलणारी मान बघत बसला.